लोढणं

“वाईट कल्पना अशी नसतेच. सुचेल ते बोला. हसायचं नाही, खोडायचं नाही,” असं म्हणत विक्रमने लेकीचा फळा मांडीवर घेतला. कुंभवलीच्या कारखान्यात साहेबांनी शिकवलेलं ब्रेनस्टॉर्मिंग त्याने आज घरी आणलं होतं.

बीडहून आणल्यापासून त्याची आई, मैनाबाई, दार उघडं दिसलं की चालू लागायची. काल तर उमरोळीला रुळांवर सापडली. सोमवारपासून त्याची आणि त्याच्या बायकोची, अर्चनाची, कामाची पाळी एकच; दुपारी म्हातारी घरी एकटी. एकट्याने विचार करून डोक्याचा भुगा झाला, म्हणून शेजारी बोलावले. अन् दुसऱ्याच्या घरात डोकं चालवायला कुणाला नको असतं! म्हातारी कोपऱ्यात लसूण सोलत होती. तिला काही कळत नाही, असं सगळ्यांनी धरूनच टाकलं होतं.

“भायेरून कडी घाला,” शेजारच्या जमनाकाकू म्हणाल्या. “नायतर पायात घुंगरू. वाजलं की आमी हाय ना बगायला.”

विक्रमने दोन्ही लिहिलं. समोरच्या खोलीतला धीरज चाचरत म्हणाला, “राग नको मानू. दुपारपुरतं बांधून ठेवायचं. मऊ दोरीने.”

कुणी खोडलं नाही. नियमच तसा. विक्रमला तर हायसं वाटलं. हेच कितीतरी रात्री त्याच्या मनात घोळत होतं, पण एकट्याला ते स्वतःशीही बोलवत नव्हतं. चौघांत निघालं आणि ते कुणाचंच राहिलं नाही. त्याने ‘दोरी’ लिहिलं, चांगलं ठळक. अर्चनाने मान फिरवली.

“दोरी नगं रं,” कोपऱ्यातून मैनाबाई म्हणाली. “हिसकं देऊन गळा कापून घेती. लोढणं बांध. गळ्यात लाकूड आसलं की पळताना गुडघ्यावर बसतंय, मग थांबती आपसूक. आपल्या तांबड्या गाईला तुझ्या बापानं बांधलं नव्हतं का? पर लाकूड हलकं घे. मुकं जनावर हाय, मान सोलती.”

“भात लावलाय,” म्हणत जमनाकाकू उठल्या. धीरज त्यांच्या आधीच दाराबाहेर होता. विक्रमने तळहाताने फळा पुसला, पुन्हा पुसला.

“कुणाची सुटलीया रं?” मैनाबाईने विचारलं.

“आपलीच, आई.”

“मग बसलास काय? अंधार पडाय लागला. भ्याली आसंल ती.”

ती भिंत धरून उठली आणि चपला शोधू लागली. विक्रमने त्या आणून तिच्या पायात घातल्या. मान वर करायची त्याची छाती झाली नाही.