तीनच्या जागी चार

सुनेचा गणिताचा पहिला ऑनलाइन वर्ग अकराला होता, आणि साडेनऊला कॉम्प्युटर सुरू केला तर वायफायचा पत्ताच नाही.

शाळेतली नोकरी सुटून तिला आठ महिने झाले होते. एका शिकवणी संस्थेनं पाच मुलींचा वर्ग घेऊन दाखवायला सांगितलं होतं. पसंत पडलं तर वर्षभराचं काम. फोनवर घरचं वायफाय धडधाकट होतं, पण भूमितीच्या आकृत्या काढायची पाटी कॉम्प्युटरलाच जोडता येत होती. त्या आकृत्या अडखळू नयेत म्हणून आदल्या दिवशी तिनं स्वतः कॉम्प्युटरची पेटी उघडून नवं व्हिडिओ कार्ड बसवलं होतं.

"नसती उठाठेव केली," ती स्वतःशीच पुटपुटली. "वायफायचं कार्ड मोडलं वाटतं मी."

कॉम्प्युटर दोनदा बंद-चालू करून झाला. तिच्या भावानं कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स घालून वायफायची जोडणी त्यातल्या एका फाइलीत स्वतः टाइप करून दिली होती, आणि तो नेमका फोन उचलत नव्हता.

सासूबाई शेजारी वाटाणे सोलत होत्या. "मी काही करू का गं?"

"राहू द्या, आई. हे लिनक्स आहे." बोलून गेल्यावर तिलाच आपला आवाज टोचला. चार महिन्यांपूर्वी सासूबाई राहायला आल्या, तेव्हापासून दोघी एकमेकींशी पाहुण्यांसारख्या जपून वागत होत्या.

सासूबाईंनी वाटाण्यांचं ताट खाली ठेवलं. "लिनक्स मला कळत नाही. पण तीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये आकडेच वाचले आहेत. तू फाइल बघ, मी पडद्यावरचं वाचते."

सुनेनं जोडलेल्या कार्डांची यादी पुन्हा पडद्यावर आणली आणि भावाची फाइल फोनवर उघडली. तिची एक प्रत त्यानं तेव्हाच पाठवून ठेवली होती. सासूबाईंनी चष्मा सावरला आणि एकेक अक्षर सुटं करून वाचलं, "डब्ल्यू, एल, पी, चार, एस, शून्य."

"तीन," सून म्हणाली.

"चार."

"अहो आई, इथं तीन आहे!"

"आणि इथं चार. डोळे गेले असतील, आकडे नाही गेले माझे."

सून उठून पडद्याशी आली. खरंच चार होता. मघापासून तिनं ती ओळ निदान दहा वेळा पाहिली होती. यादीत नाव आहे म्हणजे कार्ड शाबूत होतं! तिला एकदम उमगलं. "हे नाव कार्ड कुठं बसलंय त्यावरून पडतं, आई. नवं कार्ड आत शिरलं आणि याचा नंबर एकानं सरकला. कॉम्प्युटर अजून तीनलाच हाका मारतोय."

"आमच्याकडेही व्हायचं असं. बोर्डावर नवी पट्टी बसली की मागच्यांच्या जागा सरकायच्या. वहीत जुनाच आकडा, आणि लोक ओरडायचे, लाइन मेली म्हणून. खोड तो तीन, चार लिही."

"उद्या आणखी काही बसवलं तर परत सरकेल. कार्डाचा स्वतःचा कायमचा पत्ता असतो, तोच लिहिते."

सासूबाईंनी तो बारा अक्षरांचा पत्ता दोन-दोन अक्षरांनी सांगितला. पहिल्या खेपेला कॉम्प्युटर कुरकुरला. ओळीच्या सुरुवातीला एक जागा कमी सुटली होती. ती जागा सोडली, आणि अकराला दहा कमी असताना वायफाय जोडलं गेलं. सुनेनं सासूबाईंचा हात धरून गच्च दाबला.

वर्ग तासभर चालला. त्रिकोण, वर्तुळ, सगळं एका दमात उमटलं. दुपारी संस्थेचा फोन आला, उद्यापासून रोज अकराला वर्ग घ्या म्हणून.

सून सांगायला आत गेली, तर सासूबाईंनी दारामागून सगळा वर्ग ऐकला होता. "चौथी मुलगी अवघडली होती," त्या म्हणाल्या. "तिला येत होतं, पण धीर होत नव्हता. उद्या पहिला प्रश्न तिलाच विचार."