शिकवणाऱ्याच्या पायाशी

ड्रायव्हिंग शाळेच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. मास्तर तो अगदीच नाइलाज झाला तर दाबायचे. शिकणारा कितीही गोंधळला तरी त्यांचा आवाज चढत नसे. डोक्यावर बर्फाची लादी घेऊन जन्मलाय माणूस, असं लोक म्हणत.

स्वतःची मुलगी स्टिअरिंगवर बसली की मात्र लादी वितळायची. उद्या तिची परीक्षा होती. पास झाली तर औषधांच्या व्हॅनवर नोकरी, नाहीतर ती जागा दुसऱ्याला.

"आरसा बघ! डोळे काय घरी ठेवून आलीस?"

"बघितला, बाबा."

"मग तो ट्रक?"

"लांब आहे तो."

ती चौकात वळू लागली आणि मास्तरांचा पाय खाली गेला. गचका खाऊन गाडी भर चौकात बंद पडली. मागचा ट्रक हॉर्न ठोकत हातभर अंतरावरून निसटला.

"मारलं असतंस आज!" मास्तर गरजले.

तिने गाडी सुरू करून कडेला घेतली आणि किल्ली त्यांच्या मांडीवर टाकली. "ब्रेक तुम्ही दाबलात. उद्याची परीक्षाही तुम्हीच द्या."

"तोंड वर करून बोलतेस?"

"परक्यांच्या पोरांशी साखर पेरता आणि माझ्या वाट्याला निखारे!"

उलट बोलायला मास्तरांनी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांची नजर खाली गेली. गाडी कडेला बंद उभी होती, तरी त्यांनी ब्रेक पुन्हा दाबून धरला होता. पोटरी दगडासारखी झाली होती. म्हणजे चौकातही आधी पाय दाबला गेला, ओरडणं मागून आलं. ट्रक लांब होता, हे त्यांनाही दिसलं होतं. परक्याचं पोर चुकलं की त्यांना चूक दिसे. ही चुकली की स्ट्रेचर.

"घाबरलोय मी," ते एवढंच म्हणाले.

तिने वळून पाहिलं. "कधीपासून?"

"तू चालायला लागलीस तेव्हापासून."

ती हसली नाही. "मग आता?"

मास्तरांनी किल्ली तिच्या हातात दिली. चपला काढल्या, पाय वर घेतले आणि सीटवर कशीबशी मांडी घातली. "पुन्हा तोच चौक."

या वेळी समोरून बस येत होती. मास्तरांच्या घशाशी ओरडा आला. त्यांनी तो गिळला, श्वास सोडला.

"भीती वाटतेय," ते हळूच म्हणाले.

"मलापण," ती म्हणाली. तिने बस जाऊ दिली आणि वळली.