पितळेची पट्टी

जेसम्माचे वडील, अप्पच्चन, गेले तेव्हा पैलीचेट्टनच्या व्हॅनचं इंजिन उघडंच होतं. नवी चेन बसवून झाली होती, टायमिंग कव्हर काढून फळीवर ठेवलेलं होतं, सेन्सर तेवढा बसवायचा राहिला होता. मातीनंतर मूवाट्टुपुळाच्या त्या शेडमध्ये त्या गाडीला कुणी हात लावला नाही. शाळेच्या मुलांच्या फेऱ्या बंद पडल्या, तरी पैलीचेट्टन तगादा लावायला आला नाही. शेवटी रेजीनेच त्याला निरोप धाडला, की आशानचं, आपल्या उस्तादांचं, अर्धं राहिलेलं काम आज पुरं करतो.

ते कळल्यावर जेसम्मा शेडमध्ये येऊन बसली. ती अप्पच्चनची एकुलती एक मुलगी, लग्न होऊन कोट्टयमला गेलेली. रेजी अप्पच्चनच्या हाताखाली तयार झालेला. शेड आता तोच चालवणार हे सगळ्यांनी धरून चालल्यासारखं होतं आणि तिचीही त्याला ना नव्हती. तिला सलत होतं ते वेगळंच. बोल्ट आवळताना रेजी खालचा ओठ दातांखाली धरी, आणि तो ओठ अप्पच्चनचा होता. मान वाकडी करून इंजिनाचा कानोसा घेई, ती मान अप्पच्चनची होती. भेटायला आलेली माणसं तिचा हात हातात घेत, पण डोळे पुसत ते रेजीकडे पाहून.

रेजी खण उचकत होता. पत्र्याचा डबा पालथा करून झाला, तेव्हा त्याने तिला विचारलं, "चेची, आशानच्या खिशात ती पितळी पट्टी असायची. तुम्हाला दिसली का?"

"नाही," जेसम्मा म्हणाली.

पट्टी तिच्या पर्समध्ये होती. इस्पितळातून मिळालेल्या अप्पच्चनच्या शर्टाच्या खिशात ती तिला सापडली होती. सेन्सर आणि दात्यांचं चाक यांच्यातली फट मोजायची ती पट्टी. फट बारीक पडली तर पहिल्याच फेऱ्यात दाता सेन्सर फोडतो, मोठी राहिली तर त्याला चाकाची चाहूलच लागत नाही. अप्पच्चन ती खिशातून काढून रेजीच्या हाती देत आणि काम झालं की परत घेत. तिला ती रेजीकडे जाऊ द्यायची नव्हती, बस.

रेजीने पोलादी पट्ट्यांच्या जुडग्यातून तेवढ्याच जाडीची एक काढली. माप तेच आहे, चालून जाईल, असं तो म्हणाला. शेजारी बिनदुधाची कट्टन कॉफी पीत उभ्या असलेल्या पैलीचेट्टनला राहवलं नाही. "माप तर माझ्या बायकोचं आणि मेव्हणीचंही एकच आहे, मोने. म्हणून चालून जातं का?"

रेजी हसला, त्याने पट्टी फटीत सरकवली आणि ओढून पाहिली. पट्टी जड सरकली. मनासारखी फट मिळाली, असं समजून त्याने सेन्सरचे दोन्ही बोल्ट आवळले.

जेसम्माला कळलं. सेन्सरच्या पोटात चुंबक असतो. पट्टी जड सरकली ती फट बेताची होती म्हणून नव्हे, चुंबकाने धरून ठेवली म्हणून. फट मोठी राहिली होती. ती लहान असताना अप्पच्चननी तिला खोक्यावर बसवून दोन्ही पट्ट्या चुंबकाला लावून दाखवल्या होत्या; पोलादी चिकटली, पितळी नाही. रेजीला हे ठाऊक नव्हतं. पितळ आयतं हातात येत होतं, ते पितळच का, हे त्याने कधी विचारलं नसावं.

तिला एकदम हलकं वाटलं. इतक्या वर्षांत जे याला मिळालं नाही, ते आपल्याला मिळालेलं होतं. आता फक्त गप्प बसायचं. व्हॅन आज सुरू होईलही, पण चढावर कुठेतरी दगा देईल आणि लोक म्हणतील, आशान गेले, हातही गेला.

रेजीने कव्हरच्या कडेला सील लावलं. पैलीचेट्टन टोपी काढून म्हणत होता, की कुरियन आशानने हात लावलेलं हे शेवटचं इंजिन, सुरू करताना रोज क्रूसाची खूण करीन.

रेजीने कव्हर उचललं.

"थांब," ती म्हणाली आणि पर्समधून पट्टी काढून त्याच्यापुढे धरली. "पोलाद चुंबकाच्या घरचं माणूस आहे, रेजी. घरच्या माणसाची साक्ष काढू नये."

रेजीने आधी पट्टीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. कुठे होती, असं त्याने विचारलं नाही. पितळ फटीत घातलं तर ते कुठेच न टेकता सैल हलत राहिलं. त्याने बोल्ट सैल करून सेन्सर पुढे घेतला, पट्टी दोन्हीकडे जेमतेम टेकून सरकेल असा बसवला. क्रँक हाताने पूर्ण फिरवून एकही दाता घासत नाही, याची खात्री केली आणि पट्टी पुसून तिला परत केली.

"ते घरच्या माणसाचं आशान म्हणाले होते?"

"हो."

"तुम्हाला?"

"लहान होते मी. शाळेतसुद्धा जात नव्हते."

"मी एवढी वर्षं इथे होतो," रेजी कव्हरकडे बघत म्हणाला. "मला नाही सांगितलं कधी."

त्या आवाजातली धार तिच्या चांगल्याच ओळखीची होती; तीच सल ती मनात घेऊन बसली होती.

खरं तर त्या दिवशी ती कशासाठी तरी हट्टाने रडत होती. अप्पच्चन तिला शिकवत नव्हते, तिचं मन रमवत होते. एवढं सांगितलं असतं तरी रेजीला बरं वाटलं असतं. तो कव्हर बसवून बोल्ट आवळू लागला, खालचा ओठ दातांखाली धरून. जेसम्माने पट्टी पर्समध्ये ठेवली आणि काही सांगितलं नाही.