घरट्यासाठी दोर

पक्षीगणक सुखरूप वर आला. आता हे वाक्य विसरा. तसं काही घडलेलंच नाही. कारण या घटकेला त्याचे दोन्ही पाय कड्याबाहेर लोंबकळत होते आणि खाली धुक्याशिवाय काही दिसत नव्हतं.

डोंगरमाथ्यावरचं गवत दवाने निसरडं झालं होतं. कमरेला दोर बांधून तो उतारावर फिंच शोधत होता. मुठीत मावेल एवढा हा पक्षी इथे अकरा वर्षांत कुणाला दिसला नव्हता. पाय घसरला, दोर ताणला गेला आणि नेमका तेव्हाच फिंच दिसला. दोरावर बसलेला.

"ताई!" तो कुजबुजला.

वर, दोर बांधलेल्या खुंटीपाशी, त्याची थोरली बहीण दुर्बीण लावून पालथी पडली होती. घरात थोरली आणि वनखात्यातही वरिष्ठ. म्हणजे दाद मागायची सोयच नाही.

"दिसला रे, दिसला! हलू नकोस."

"अगं, तो दोराचे धागे उपसतोय."

"घरटं बांधतोय. किती गुणी!"

"आणि मी?"

"तू आयुष्यात कधी काय बांधलंस?"

नियम असा होता: घरटं बांधणारा पक्षी आपणहून उडेपर्यंत कुणी हलायचं नाही. उडवला तर नोंद रद्द, आणि नोकरीही. हा नियम दोघा भावंडांनीच लिहिला होता. उबदार खोलीत, चहा पीत.

फिंच धागा घेऊन उडाला. गणकाने श्वास सोडला. पण ताईने दोराला हात घालेपर्यंत स्वारी परत आली, सोबत बायकोला घेऊन. आता दोघं मिळून उपसू लागली.

दोर तीन पेडांचा होता. तटकन, मग पुन्हा तटकन काहीतरी तुटलं आणि गणक वीतभर खाली सरकला.

"ताई, किती पेड उरले?"

पक्षी समोर असताना ताईने दुर्बीण खाली ठेवली. हे जन्मात पहिल्यांदाच घडत होतं, आणि त्यानेच तो जास्त घाबरला.

"एक," ती म्हणाली. आवाज तिचा वाटेना. "बाळा, पक्षीनोंदीच्या तक्त्यात शेऱ्याचा रकाना मोकळा आहे. तू सांग, मी लिहून घेते."

डोळे मिटून गणकाने सांगितलं आणि ताईने नाक ओढत लिहिलं:

"सदर गणकास, वर पोहोचेपर्यंत, संरक्षित पक्षी समजण्यात यावे, तसेच सदर दोर हे त्याचे घरटे मानून त्यातील एकही धागा अन्य पक्ष्यांनी उपसू नये, ही नम्र विनंती."