चौदा नंबरचा अहवाल

"पूस ते नाव," नोएलीन टासला म्हणाली. "क्लाइव्हने घेतलंय ना? मग त्या पोराचं कल्याण झालंच म्हणून समज."

टासने फळ्यावरचं कूपर डंडसचं नाव बोटाने पुसून टाकलं. आम्ही हसलो, कारण ही आमची दर वर्षीची रीत आहे. नोव्हेंबरच्या अखेरीस ड्राफ्ट असतो, त्या संध्याकाळी आम्ही चौघं गावच्या मैदानावरच्या क्लबघरात जमतो. तिकडे मेलबर्नला मोठे फुटबॉल क्लब आळीपाळीने अठरा-अठरा वर्षांची पोरं निवडतात आणि इकडे साडेतीनशे किलोमीटरवर बसून आम्ही त्यांना अक्कल शिकवतो. त्यांतला आमचा क्लब म्हणजे पाणकावळे. जो जास्त हरतो त्याची निवड आधी; यंदाच्या हंगामात त्यांनी इतके सामने घालवले की निवडीत सातवा नंबर मिळाला, आणि सातवा म्हणजे काही कमी नाही.

प्रत्येकाने एका पोराचं नाव फळ्यावर लिहायचं. ज्याचा पोरगा सगळ्यांत उशिरा निवडला जाईल, त्याने शनिवारी सकाळी घोरपडींचा हिरवा स्कार्फ गळ्यात घालून बेकरीत रांग लावायची. घोरपडी म्हणजे दुसरा मोठा क्लब, आमचे सात पिढ्यांचे वैरी. आणि शेवटचा नियम असा की क्लाइव्हने घेतलेलं नाव पुसायचं आणि त्याला दुसरं घ्यायला लावायचं.

नोएलीन नर्स होती, आता निवृत्त आहे, पण समोरच्याला रुग्ण समजायची सवय गेलेली नाही. तिला दोन मीटर उंचीचा एक पोरगा हवा होता. टासचं मासे-बटाट्याचं दुकान आहे. त्याचं म्हणणं, उंट आपल्याकडे तीन आहेत, पळणारं कोणी नाही, ॲडलेडचा तो वाऱ्यासारखा पोरगा घ्या. नोएलीनने त्या वाऱ्याचे गुडघे दोनदा उघडून शिवलेत हे सांगितलं. टास म्हणाला की तुझ्या उंटाच्या हाताला लोणी लावलंय. मी मधलाच कोणीतरी निवडला होता, कारण मी कायम मधलाच कोणीतरी निवडतो. माझं टायरचं दुकान आहे आणि माझं नाव ग्लेन पेडलर; याहून जास्त माझ्याविषयी सांगण्यासारखं गावात कोणाकडे नाही.

क्लाइव्ह ट्रेगेन्झा मात्र त्या संध्याकाळी नेहमीसारखा हसून गप्प बसला नाही. तो म्हणाला, "हिवाळ्यात तीनदा जाऊन पाहिलाय मी त्याला. कुंपणापाशी उभं राहून. कूपर डंडस पहिल्या पंधरांत जाणार."

"मागच्या वेळी तू असाच एक पाहिला होतास," नोएलीन म्हणाली.

त्यावर क्लाइव्हने फळ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "तेही खरंच आहे. पुसलंत तेच बरं. माझ्या डोळ्यांचं काही खरं नाही."

तो हे अगदी साधेपणाने म्हणाला. बहात्तर वर्षांच्या माणसाने चष्मा घरी राहिला म्हणावं तसं.

क्लाइव्हचे डोळे काय होते ते या भागात सगळ्यांना माहीत होतं. छत्तीस वर्षं तो धान्याच्या सायलोवर, म्हणजे उंच कोठारांवर, वजनकाट्याला होता. गव्हाचा ट्रक फाटकातून आत वळला की तो वजन सांगायचा, आणि मग काटा त्याच्याशी सहमत व्हायचा. हे ऐकूनच पाणकावळ्यांनी त्याला आमच्या पट्ट्यातली खेडोपाडीची पोरं हेरायला सांगितलं होतं. हौसेचं काम, पगार नाही, वर्षाला एक टोपी. तो तेव्हा दुसऱ्या गावी होता. चौऱ्याण्णवच्या हिवाळ्यात क्लबने कळवलं की अमुक गावचा चौदा नंबर बघून ये. तो चौदा नंबर म्हणजे आमच्या गावचा ट्रॉय हॅलॉरन. क्लाइव्ह आला, भर पावसात सामना पाहिला आणि अहवाल पाठवला की पोरगा मोठ्या क्लबच्या कामाचा नाही. पाणकावळ्यांनी ट्रॉयला सोडलं, घोरपडींनी उचललं. ट्रॉय दोनशे ऐंशी सामने खेळला. एका अंतिम सामन्यात त्याने आमच्याविरुद्धच सहा गोल केले. क्लाइव्हला पुन्हा कोणी काही पाहायला सांगितलं नाही.

दोन वर्षांनी त्याची बदली आमच्याच सायलोवर झाली. पहिल्याच शुक्रवारी पबमध्ये त्याने आपणहून सांगून टाकलं की तो अहवाल लिहिणारा मीच. काट्यावरचा माणूस, वजन लपवायची सवय नाही. तेव्हापासून गावात त्याला 'चौदा नंबर' म्हणतात. मीही म्हटलंय, पुष्कळदा. ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

मी उठलो, खडू घेतला आणि फळ्यावर कूपर डंडसचं नाव परत लिहिलं.

"काय करतोस?" टासने विचारलं.

"त्या दिवशी चौदा नंबर मी घातला होता," मी म्हणालो.

कोणाला काही कळलं नाही. मग मला सगळं सांगावं लागलं. त्या सकाळी प्रशिक्षक कोणाला तरी सांगत होते की पाणकावळ्यांचा माणूस येतोय, चौदा नंबर बघायला. ते माझ्या कानावर पडलं. माझा नंबर एकतीस. मी ट्रॉयला म्हटलं की माझी जर्सी खांद्यात काचते, बदलतोस का? ट्रॉयला कधीच कशाचं काही नसायचं, त्याने डोक्यातून काढून दिली. मी काही त्याचं वाईट चिंतलं नव्हतं. मला इतकंच वाटलं की आयुष्यात एकदा तरी कोणीतरी आपल्याकडे नीट बघावं. पहिल्या दहा मिनिटांत आम्ही सगळे चिखलाने असे माखलो की आईनेही ओळखलं नसतं. परका माणूस नंबराशिवाय काय बघणार?

"आणि तीस वर्षं तू गप्प बसलास?" नोएलीन म्हणाली. तिचा आवाज वॉर्डमधला झाला होता.

मी गप्प बसलो होतो. आधी भीतीने, मग सवयीने. आणि खरं कारण सांगायचं तर, हे कबूल केलं की तो अहवाल माझा होणार होता. मंद, कामाचा नाही, ते सगळं माझं. ट्रॉयबद्दल चुकून लिहिलेलं ऐकून गाव हसत होतं, माझ्याबद्दल खरं लिहिलेलं ऐकून कोणी हसलंही नसतं.

क्लाइव्हने हातातला खिम्याचा पॅटिस कागदी ताटलीत ठेवला, बोटाला लागलेला सॉस पुसला.

"डाव्या पायाने एकदाच मारलास," तो म्हणाला. "चेंडू मैदान सोडून मोटारींमध्ये गेला."

"हो."

"तिसऱ्या क्वार्टरमध्ये चेंडू तुझ्या डोक्यावरून गेला तेव्हा तू दुसरीकडेच बघत होतास."

"एक बगळा होता," मी म्हणालो.

"बगळा!" क्लाइव्हच्या तोंडून निघालं, आणि तो हसायला लागला. तो असा हसलेला मी कधी पाहिला नव्हता. खुर्ची हलत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते सगळंच काही हसण्याचं नव्हतं. मग तो म्हणाला, "त्या वर्षापासून मी प्रत्येक ट्रक दोनदा तोलला, ग्लेन. शेवटपर्यंत. ड्रायव्हर शिव्या घालायचे. आणि माझा काटा बरोबरच होता की रे."

"माफ कर," मी म्हणालो.

"माफ काय करायचंय? तू मंदच होतास."

मग टासने पूर्ण अहवाल ऐकायचा हट्ट धरला. क्लाइव्हला तो पाठ होता. मंद. डावा पाय फक्त उभं राहण्यासाठी. चेंडूला घाबरत नाही, चेंडूही याला घाबरत नाही. मोठ्या क्लबच्या कामाचा नाही. नोएलीनला हसून ठसका लागला आणि टासने पुढच्या वर्षी हे सगळं फळ्यावर रंगवून घ्यायचं जाहीर केलं. मला राग यायला हवा होता. पण इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

तेवढ्यात टीव्हीवर आमची पाळी आली. टासचा वारा आधीच पाचव्या नंबरला दुसऱ्यांनी उडवून नेला होता. पाणकावळ्यांनी सातवा म्हणून जो पोरगा घेतला, त्याचं नाव आमच्यापैकी कोणी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. तीन मिनिटं आम्ही निवड समितीच्या खानदानाचा उद्धार केला, आणि चौथ्या मिनिटाला नोएलीन म्हणाली की पोराचे खांदे मात्र छान आहेत. तिचा उंट नवव्या नंबरला गेला.

बारावी पाळी घोरपडींची होती. त्यांचा माणूस माइकसमोर आला, कागद उघडला आणि म्हणाला, "कूपर डंडस."

टास फळ्याकडे बघत होता, नोएलीन टासकडे.

"पुन्हा घोरपडीच," क्लाइव्ह म्हणाला. "डोळा माझा आणि पीक त्यांचं." पण त्याचा चेहरा असा फुलला होता की त्याला स्वतःलाही ते लपवता येईना. नोएलीन उठली, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढच्या वर्षी पहिलं नाव तो लिहील असं सांगून टाकलं. तिची माफी मागायची पद्धत हीच.

माझा मधला पोरगा त्या संध्याकाळी निवडलाच गेला नाही. स्कार्फ माझ्या गळ्यात पडला. त्याला उंदरांचा वास येत होता.

टास ताटल्या गोळा करून गेला. नोएलीनने मला किल्ली दिली आणि खिडक्या तपासायला सांगून तीही गेली. बाहेर अजून उजेड होता, मैदानावर गुलाबी काकाकुवांचा थवा गवत उपटत होता. बाकं आणि खुर्च्या ओसरीवर आणलेल्या, त्या मी मिटून आत न्यायला लागलो. क्लाइव्ह कठड्याला टेकून उभा होता.

"अहवालात आणखी एक ओळ होती," तो म्हणाला. "शेवटची. क्लबला काही तिचा उपयोग नव्हता."

मी दोन खुर्च्या हातात घेऊन थांबलो.

"सामना हरलात. सगळे गरम पाण्याकडे पळाले. चौदा नंबर एकटा पावसात मागे राहिला, गोलच्या चारही खांबांना बांधलेल्या ओल्या गाद्या सोडल्या आणि एकेक करून आत नेल्या. कोणी सांगितलं नव्हतं." मग तो म्हणाला, "मी लिहिलं होतं की हा पोरगा ज्या गावाकडे आहे, त्या गावाने त्याला सोडू नये."

मी मान हलवली आणि खुर्च्या आत नेल्या. परत आलो, आणखी दोन उचलल्या. क्लाइव्ह मदतीला पुढे आला नाही. डोळे थोडे बारीक करून, फाटकातून ट्रक वळताना बघावा तसा, शेवटची खुर्ची आत जाईपर्यंत तो तिथेच उभा राहिला.