सभ्य माणसाचं मत

आमच्या राज्याचा निकाल काय लागणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. गव्हर्नर कोण, वॉशिंग्टनला कोण जाणार, हे टीव्हीवाले मतदान संपताक्षणीच सांगून मोकळे होतात आणि उरलेला वेळ दुसऱ्या राज्यांचे नकाशे रंगवत बसतात. आमच्या काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, नाव त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलेलं नाही. शेरीफ बिनविरोध, खजिनदारीण बिनविरोध, आणि कुणी अवेळी मेलं तर बघायला येणारा कोरोनर तर मी लग्न होऊन इथे आले तेव्हापासून तोच आहे. खरी लढत होती ती एकाच जागेची, काउंटीचा कारभार बघणाऱ्या कमिशनरची. तिथे माझा नवरा डेल्मर उभा होता आणि त्याच्यासमोर कर्ट ब्रेनायझे.

हे मी रागाने सांगतेय, आधीच सांगून ठेवते. ज्यांना शांतपणे ऐकायचंय त्यांनी डेल्मरला विचारावं. तो सगळंच शांतपणे सांगतो.

कर्ट ट्रॅक्टर विकतो. त्याचं म्हणणं एकच होतं, काउंटीने वृद्धाश्रम चालवायचा नाही. आम्ही त्या वृद्धाश्रमाला नुसतं 'होम' म्हणतो. ते बंद करा, कर कमी होतील, असं तो प्रत्येक लिलावात, प्रत्येक फुटबॉलच्या सामन्यात सांगत फिरला. पाच कमिशनरांत होम चालू ठेवणारे तीन होते आणि बंद करा म्हणणारे दोन. त्या तिघांतला एक डेल्मर. तो पडला की होम गेलं, इतका साधा हिशोब.

आणि होममध्ये माझी धाकटी बहीण आहे, लव्हॉन. शाळेची बस चालवायची. बर्फात, वादळात, एकही फेरी न चुकवता. पक्षाघात झाला आणि उजवं अंग गेलं, बोलणंही जवळजवळ गेलं. तिला उचलायला दोन माणसं आणि एक यंत्र लागतं, म्हणून घरी ठेवता येत नाही. रोज दुपारी मी जाते, तिला जेवण भरवते, गावातल्या भानगडी सांगते. त्यावर ती अर्ध्या तोंडाने हसते. होम बंद झालं तर दुसरं होम नदीपलीकडच्या गावात, जाऊन येण्यात दिवस मोडतो, आणि हिवाळ्यात रस्ता बंद झाला की आठवडा आठवडा कुणी फिरकायचं नाही. हे डेल्मरला माहीत होतं. माझ्याइतकंच माहीत होतं.

आता आमच्याकडची एक रीत. उमेदवाराने स्वतःला मत द्यायचं नाही, समोरच्याला द्यायचं. डेल्मरच्या वडिलांनी ते जन्मभर केलं, त्यांच्याविरुद्ध उभे राहिलेल्यांनीही केलं. दोघंही सभ्यपणे एकमेकांना मत देणार आणि बेरजेत काहीच फरक पडणार नाही. मतपत्रिकेवर स्वतःच्या नावापुढचा गोल काळा करणं म्हणजे जेवणाच्या पंगतीत सगळ्यांत मोठा तुकडा आपणच उचलणं, असं सासरे म्हणायचे. पण ही रीत चालते ती दोघांनी पाळली तर. कर्टला मी शाळेपासून ओळखते. तो मोठा तुकडा उचलतो आणि वर बोटंही चाटतो.

म्हणून मतदान करून पिकअपमध्ये बसल्याबसल्या मी डेल्मरला विचारलं, "स्वतःलाच दिलंस ना?"

"मतदान गुप्त असतं, आर्लिस."

"चाळीस वर्षं मी तुझी चड्डी धुतेय. माझ्यापासून कसलं आलंय गुप्त?"

तो हसला आणि समोरून येणाऱ्या गाडीला स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलून नमस्कार केला. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मतपत्रिका सगळ्या कोर्टहाउसात आणून यंत्रातून मोजतात. निकाल लागला. डेल्मरला आणि कर्टला सारखीच मतं. कायद्याने आधी फेरमोजणी, आणि तरीही बरोबरीच राहिली तर दोघांच्या नावांच्या चिठ्ठ्या शेरीफच्या हॅटमध्ये टाकून एक काढायची. हसू नका, असंच आहे.

दुसऱ्या दिवशी कॅफेत सगळे जमले होते. कुणीतरी कर्टला चिडवलं, "काय रे, तू डेल्मरला मत दिलंस म्हणून अडकलास का?"

"मी?" कर्ट बशीतल्या ॲपल पायमध्ये काटा खुपसत म्हणाला. "मी दिलं मलाच. माझ्यापेक्षा चांगला माणूस मतपत्रिकेवर दिसला नाही मला."

सगळे खो खो हसले. डेल्मरही हसला. आणि त्याचे कान लाल झाले. ते कान बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येऊन मी भांडी आपटली, दारं आपटली, नाही नाही ते बोलले. तो म्हणाला, "झालं ते झालं." मग गुरांना चारा घालायला निघून गेला.

फेरमोजणीला मंडळ तिघांचं. शाळेतून निवृत्त झालेली ओर्फा लिंडेस्कॉग, कर्टच्या बाजूचा मायलो श्लेप, आणि शेजारच्या काउंटीतून आणलेला एक वकील. आम्ही भिंतीशी खुर्च्यांवर बसलो होतो, मी आणि डेल्मर एका बाजूला, कर्ट दुसऱ्या. एकेक मतपत्रिका उचलायची, तिघांनी बघायची, ठेवायची. सगळं जसंच्या तसं निघत होतं. मी मनात शेरीफची हॅट धरून बसले होते. अर्धी का होईना, आशा होती.

मग ओर्फाच्या हातातली एक मतपत्रिका खाली जाईना. तिने चष्मा वर केला.

"यंत्राने ही बाजूला का टाकली ते कळलं. दोन्हीकडे खूण आहे. डेल्मरचा गोल अर्धा काळा केलाय आणि त्यावर रेघा मारल्यात. कर्टचा मात्र पूर्ण भरलाय."

"मग झालंच की," मायलो म्हणाला. "खोडलंय ते खोडलंय. मत कर्टचं."

"रेघा आहेत की घाईने गिरवलंय, हे तू छातीठोकपणे सांगशील? मी जन्मभर पोरांचे पेपर तपासले, मला नाही सांगता येत."

वकील म्हणाला, "मतदाराच्या मनात काय होतं ते कागदावरून स्पष्ट नसेल तर मत बाद. माझं म्हणणं बाद."

"माझंही," ओर्फा म्हणाली.

बाद. म्हणजे बरोबरी. म्हणजे हॅट. माझ्या जिवात जीव आला, आणि तेवढ्यात शेजारी डेल्मरचे लाल झालेले कान दिसले. मी त्याचा गुडघा असा दाबला की दुसरा कुणी असता तर ओरडला असता.

"तोंड उघडायचं नाही," मी दातांआडून म्हटलं.

तो उभा राहिला. टोपी काढली, चर्चमध्ये काढतो तशी.

"ओर्फा, ती माझी आहे."

"डेल्मर, खाली बस," वकील म्हणाला. "आम्ही काही ऐकलेलं नाही."

"ऐकलंत. मी आधी माझा गोल भरायला घेतला होता. मग लाज वाटली. तो खोडला आणि कर्टला दिलं. माझ्या मनात कर्टलाच द्यायचं होतं. तुम्हाला स्पष्ट नाही म्हणालात, म्हणून सांगितलं."

मी कर्टकडे बघितलं. मला वाटलं, आता तरी हा उठेल, म्हणेल राहू दे, काढा चिठ्ठी. माणूस असता तर म्हणाला असता. कर्टने बुटांकडे बघितलं, घसा खाकरला आणि म्हणाला, "आभारी आहे, डेल्मर."

ओर्फा बराच वेळ चष्मा पुसत बसली. "बाई, आपल्याला फक्त कागद बघायचाय," वकील तिला समजावत होता.

"मला जे कळलंय ते कळलं नाही असं मी कसं म्हणू?" ती म्हणाली, आणि मतपत्रिका कर्टच्या गठ्ठ्यावर ठेवली. कर्ट एका मताने निवडून आला.

पिकअपमध्ये बसेपर्यंत मी गप्प राहिले. दार लावलं आणि तोंड सोडलं.

"लाज वाटली? कुणाची लाज वाटली तुला?"

"बाबांची."

"बाबा मेलेत, डेल्मर! लव्हॉन जिवंत आहे!"

"मग मी काय खोटं बोलायला हवं होतं?"

"बोलायलाच नको होतं! कुणी विचारलं होतं तुला? वकील माणूस बस म्हणाला तुला, वकील! जगात एक वकील गप्प बस म्हणून सांगतो आणि तू भाषण देतोस!"

"मला झोप लागली नसती, आर्लिस."

"तुझी झोप," मी म्हटलं. "माझ्या बहिणीची खाट गेली, आणि तुला तुझी झोप मिळाली."

त्याने गाडी नेहमीसारखीच नीट चालवली. त्याचाही मला राग आला.

पुढचे दिवस तर विचारूच नका. गावात डेल्मरचा असा उदोउदो सुरू झाला की जणू तोच निवडून आला. पाद्र्याने प्रवचनात त्याचं उदाहरण दिलं. आमच्या साप्ताहिकात पहिल्या पानावर फोटो. बायका ताट भरभरून लिंबाच्या गोड वड्या घेऊन दारात यायच्या, "असा सज्जन माणूस आजकाल कुठे मिळतो गं? नशीबवान आहेस." एकीला मी म्हटलं, "घेऊन जा, देते मोफत." तिला वाटलं मी थट्टा करतेय. याच बायकांच्या आया, मावश्या होममध्ये होत्या. यांच्यातल्या कितीजणींच्या नवऱ्यांनी कराच्या लोभाने कर्टला मत दिलं होतं हे मला चांगलं ठाऊक होतं. सज्जन माणूस त्यांना हवा होता तो फक्त कौतुक करायला.

नव्या वर्षात कर्टने शपथ घेतली, बायबलवर हात ठेवून. त्याच बैठकीत होम बंद करायचा ठराव आला. तीन विरुद्ध दोन. चर्चा म्हणाल तर कॉफी निवायच्या आत संपली.

लव्हॉनला कुणीतरी सांगायला हवं होतं. मी डेल्मरला म्हटलं, "तू सांगायचंस. तुझ्या तोंडाने. मला एक अक्षर बोलायला लावलंस तर बघ."

तिच्या पलंगाशी त्याने खुर्ची ओढली, टोपी मांडीवर ठेवली आणि सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, काही सजवलंही नाही. कॅफे, फेरमोजणी, अर्धा काळा गोल, रेघा. नदीपलीकडच्या नव्या जागेचं नाव सांगितलं, तिथे खिडकीतून झाडं दिसतात हेही सांगितलं. लव्हॉन ऐकत होती. तिचा चेहरा अर्धाच हलतो, त्यामुळे काय वाटतंय ते लवकर कळत नाही.

तो थांबल्यावर ती म्हणाली, "मी. मत."

आम्हाला वाटलं ती काहीतरी वेगळंच बोलतेय. पायाशी चादर बदलणारी नर्स म्हणाली, "तिचं मत टपालाने गेलं ना. तुम्हाला सांगितलं नाही होय तिने? कुणाला हात लावू दिला नाही तिने त्या कागदाला. डाव्या हाताने एवढासा गोल भरायला तिला अख्खी दुपार लागली. पेन सुटायचं, पुन्हा मागायची. आणि एकच गोल भरला. गव्हर्नर-बिव्हर्नर सगळे कोरे सोडले."

लव्हॉनने डावा हात पांघरुणाबाहेर काढला. एका बोटाने ती चादरीवर गोल काढू लागली, एकाच जागी, एकावर एक, हळूहळू, रेघेबाहेर न जाता.

"डेल," ती म्हणाली. "तुला."

एक मत त्याला, एक मत कर्टला. तिची अख्खी दुपार माझ्या सभ्य नवऱ्याने पेनच्या दोन फटकाऱ्यांत पुसून टाकली होती, आणि ते बसल्या जागी त्याच्या डोक्यात शिरताना मी बघितलं. त्याने टोपी डोक्यावर ठेवली, परत काढली. मग मान वळवून माझ्याकडे बघितलं. काहीतरी बोल, असं तो डोळ्यांनी विनवत होता.

मी बोलले नाही.