माउली कुणाकडे वळते

"वळली! कालपेक्षा दोन बोटं वळली!"

लाउरोकाका चर्चच्या दारातून ओरडले आणि अंगणातली सगळी गर्दी एकदम आत घुसली. बाया गुडघ्यांवर सरकत पुढे निघाल्या, म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या, धुपानं डोळे चुरचुरायला लागले. वेदीसमोर दगडी चौथऱ्यावर आमच्या गावाची दुःखी माउली उभी होती. लाकडाची, काळा झगा घातलेली, डाव्या हातात चांदीचं भलंमोठं हृदय. शुक्रवारच्या मिरवणुकीनंतर तिला सरळ दाराकडे तोंड करून ठेवलेलं. आज बुधवार, आणि ती कुणाचा हात न लागता अर्धी भिंतीकडे फिरलेली.

"माउली आंधळी नाही, लेकरांनो!" एवारिस्तोभाऊनं दोन्ही हात वर केले. "ज्याचं दुःख खरं, त्याच्याकडे ती वळते. पण दुःख पिकावं लागतं. आंब्यासारखं! कच्चं तोडलंत तर आंबट लागेल!"

हा माणूस दुःखाबद्दल असं बोलायचा, की वाटावं दुःखाची त्याची बागच आहे.

त्यानं बाक अर्धगोलात मांडून घेतले होते. माउली वळत जाईल तशी एकेका बाकाची पाळी. जिच्याकडे माउलीनं बघितलं, तिच्या मेलेल्या माणसाला शांती मिळाली. मग ती बाई रडायची, कोंबडी आणून द्यायची. शेवटचा बाक भिंतीला लागून, आणि त्यावर माझी आई. तिच्या डोक्यावर छताला तडा, बोट जाईल एवढा.

"आंपारोताई," एवारिस्तो आईला दर आठवड्याला म्हणायचा, "तुमचं दुःख सगळ्यात खोल. म्हणून तुम्ही शेवटी. पोराच्या आवडीचं काहीतरी माउलीला द्या, ती लवकर पोचेल."

आईनं चेमाचे बूट दिले. चेमाची टोपी दिली. गेल्या आठवड्यात त्याचा ट्रम्पेट दिला.

चेमा माझा मोठा भाऊ. गावच्या बँडमध्ये वाजवायचा. गेल्या सप्टेंबरात भूकंप झाला तेव्हा बँडचा सराव चालला होता, इथंच, चर्चच्या अंगणात. मोकळ्या अंगणात! काही झालं नसतं त्याला. पण आमच्याकडे जमीन हलली की माणसं माउलीकडे पळतात. आजीनं शिकवलेलं, तिला तिच्या आजीनं. चेमा पळाला, दारापर्यंत पोचला, आणि मनोऱ्याचं डोकं खाली आलं.

नंतर बाईंनी वर्गात फळ्यावर 'भूकंप' असं मोठ्या अक्षरात लिहिलं, तेव्हा मी डस्टर फेकून मारला आणि घरी आले. परत गेले नाही. आता चर्चसमोर रस्त्याच्या कडेला मक्याची गरम पेज, आतोले, विकते.

एवारिस्तो आला भूकंपानंतर, स्वतःला माउलीचा सेवक म्हणवत. आल्या आल्या त्यानं माउलीच्या पायाखालचं जुनं लोकरीचं आसन काढून टाकलं. "माउलीला आणि दगडाला मध्ये काही नको!" म्हणून गुळगुळीत संगमरवराची लादी बसवली. मग गावाला श्रमदान करायला लावून चर्चसमोर स्पीडब्रेकर ओतून घेतला. केवढा! म्हैस आडवी पडल्यासारखा. "खडीचे ट्रक माउलीसमोरून सुसाट जातात, अपमान आहे हा!" गावानं आनंदानं सिमेंट कालवलं. लाउरोकाका या वर्षीचे माउलीचे मानकरी, त्यांनी पहिलं घमेलं टाकलं.

त्याच बुधवारी शहरातून रेंतेरियाबाई आल्या. इंजिनिअर. चर्च भूकंपात किती खिळखिळं झालंय ते बघायचं काम. त्यांनी हादरे टिपणारी एक डबी फरशीवर ठेवली, शिडी लावून एक छताच्या बगलेत बसवली, आणि कॉम्प्युटरवर एक रेघ सरकायला लागली. मग आईच्या डोक्यावरच्या तड्याला त्यांनी काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवली.

"माउलीला डॉक्टरीण आली!" एवारिस्तो म्हणाला. "नाडी बघते!"

लोक हसले.

"नाडीच बघते," बाई शिडीवरूनच म्हणाल्या. "जुन्या इमारतीला असते. प्रत्येकीचा आपला एक झोका असतो. त्या तालावर धक्के बसत गेले, तर झोका वाढत जातो."

"आणि माउली कोणत्या तालावर वळते, बाई?"

"ते मला माहीत नाही. बघू."

'माहीत नाही' म्हणणारी ती मला आवडली. एवारिस्तोला सगळंच माहीत असायचं.

मी त्यांना आतोले द्यायला गेले. त्या रेघेकडे बघत प्यायल्या. रेघ शांत चालायची, मग एकदम काटेरी व्हायची, परत शांत. मला हे कुठंतरी बघितल्यासारखं वाटलं. बाहेर माझ्या पातेल्याशी येऊन बसले आणि समजलं. आतोलेवर साय धरते ना, ती अधूनमधून सुरकुतते. कधी? भरलेला ट्रक स्पीडब्रेकरवरून धाडकन उतरला की. रिकाम्यानं नाही. मी दिवसभर तिथंच बसते, मला न बघता कळतं कुठला भरलेला.

धावत आत गेले. "बाई, आता काटे आले?"

"आले."

थांबले, ऐकलं. "आता?"

बाईंनी कप खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं, मग माउलीच्या पायांकडे. वाकून लादीवरून बोट फिरवलं.

गुरुवारी सकाळी मी रस्ता अडवला. आमच्याकडे रस्ता अडवणं नवीन नाही, मास्तर अडवतात, ऊसवाले अडवतात. मी एकटीनं अडवला. पातेलं रस्त्याच्या मधोमध ठेवलं आणि बाजूला उभी राहिले.

"ए भवाने, हो बाजूला! खडी पोचवायचीय!"

"खडी काय आंबते काय, काका? आतोले प्या."

"तुझ्या बापाला सांगेन!"

"सांगा. तो सापडला तर मलाही कळवा."

मागं ट्रकांची रांग लागली. आत बाईंनी माउलीच्या पायाशी लादीवर कोळशानं रेघ ओढली होती. गाव बघत बसलं. ऊन डोक्यावर आलं तरी माउली रेघेवरून केसभर हलली नव्हती.

"रुसली!" एवारिस्तोनं छाती बडवली. "एका शंकेखोर पोरीपायी माउली रुसली!"

"मग रुसवा काढू," रेंतेरियाबाई म्हणाल्या. दारात येऊन हाक मारली, "हासिंता, सोड त्यांना!"

पातेलं उचललं. चिडलेले ड्रायव्हर, भरलेले ट्रक, एकामागून एक. धाड. धाड. धाड. मी पळत आत आले. कोळशाची रेघ झग्याखालून हळूहळू बाहेर येत होती. लादीवर लाकूड घासल्याचा बारीक आवाज, प्रत्येक धाडनंतर एक. गर्दीतल्या बायांनी हात जोडले होते, ते तसेच राहिले.

"हिच्या डाव्या हातात चांदीचं वजन आहे," बाईंनी समजावलं. "भार एका बाजूला. खाली गुळगुळीत लादी. धक्का बसला की ती थोडी सरकते, आणि दर वेळी त्याच बाजूला. आता लोकर घाला."

लाउरोकाकांनी अंगावरची घोंगडी काढली, घडी करून माउलीच्या पायाखाली सारली. उरलेले ट्रक गेले. धाड. धाड. माउली जागची हलली नाही.

लाउरोकाकांनी वाकून घोंगडीला हात लावून बघितला. मग म्हणाले, "भाऊ, माउली ट्रकवाल्यांचं ऐकते होय?"

"ट्रकसुद्धा देवानंच पाठवले!"

तेवढ्यावरही दोघा-तिघांनी माना डोलावल्या. खरं सांगते, डोलावल्या.

"असेल," बाई म्हणाल्या. "पण वर बघा."

आईच्या डोक्यावरची काचेची पट्टी मधोमध तडकली होती.

"मूर्तीला वळवतो तोच धक्का तडा उघडतो. रोज थोडा थोडा. भूकंपानं जे अर्धवट सोडलं, ते तुमचा स्पीडब्रेकर पुरं करतोय. या छताखालून उठा सगळे. आत्ता."

बाक रिकामे झाले. बाया लेकरं उचलून पळाल्या. मी एवारिस्तोची कॉलर धरली. "चेमाचा ट्रम्पेट कुठाय?"

"माउलीच्या चरणी."

लाउरोकाकांनी चौथऱ्यामागची पेटी उघडली. आत मेणबत्त्यांचे तुकडे होते. बूट नाही, टोपी नाही, ट्रम्पेट नाही. "शहरात," एवारिस्तो पुटपुटला, "बाजारात." त्याला लोकांनी वेशीबाहेर काढला. ट्रम्पेट कुणीतरी वाजवत असेल आता. कोण, कधीच कळलं नाही.

आई उठली नव्हती.

"आई, चल. वर बघ, छत फाटलंय."

"आज गुरुवार," ती म्हणाली. "एवढीशीच राहिली होती. आज पोचली असती माझ्यापर्यंत."

"नसती पोचली. दर शुक्रवारी मिरवणूक काढून तो तिला परत सरळ ठेवायचा. तुझ्यापर्यंत पोचायच्या आधीच ठेवायचा. दर आठवड्याला."

मला वाटलं तिला राग येईल. त्याचा. तिनं माझ्याकडे बघितलं, अगदी नीट, चेमा गेला त्या दिवसापासून पहिल्यांदाच.

"मला वाटायचं चेमा वाट बघतोय," ती म्हणाली. "तू त्याला परत मारलंस, हासिंता."

मग ती उठली आणि एकटी बाहेर गेली. मी तिच्या मागं गेले नाही.

गावानं श्रमदान करून स्पीडब्रेकर फोडला. ज्यांनी ओतला त्यांनीच फोडला. छताला लाकडी टेकू लागलेत, चर्चला कुलूप आहे. लोक मला म्हणतात, पोरी, तुझ्या आईला तेवढाच आधार होता, कशाला मोडलास? मी म्हणते, तो आधार तिला फाटक्या छताखाली बसवत होता. खोट्या गोष्टीनं बरं वाटतं, मान्य. मलाही वाटलं असतं. पण त्या बरं वाटण्यात माणूस वर बघत नाही.

म्हणून सांगते. जमीन हलली तर देवळाकडे पळू नका, चर्चकडे पळू नका, मोकळ्यावर पळा. आणि मूर्ती हलली तर हात जोडण्याआधी वाका. पायाखाली काय घातलंय बघा, बाहेरून काय जातंय ऐका, आणि मूर्ती हलते म्हणून कोंबड्या कोण नेतोय ते विचारा. देव मानायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. पण विचारा. चेमाला तसं कुणी शिकवलं नव्हतं.

आई माझ्याशी बोलत नाही. सकाळी भाकरी भाजते, माझं ताट माझ्यासमोर ठेवते आणि अंगणात जाऊन बसते. तिच्या डोक्यावर नुसतं आभाळ असतं. मी जेवते आणि दारातून तिच्याकडे बघत राहते.